उशाशी बसणाऱ्यांनाही विसावा हवा



मराठीत 'सिस्टर' हा शब्द आपण दोघींसाठी वापरतो. मठात राहणारी धर्मभगिनी ती सिस्टर, आणि इस्पितळात सलाईन लावणारी तीही सिस्टर. पहिल्या सिस्टरांसाठी आपण मिस्सामध्ये नेहमी प्रार्थना करतो. दुसऱ्या सिस्टरांची आठवण मात्र घरात कोणी आजारी पडल्यावरच होते. आजच्या अभ्यासासाठी आम्ही या दुसऱ्या सिस्टर निवडल्या आहेत. त्यांतही अशा, ज्यांचे रुग्ण बरे होऊन घरी परतणार नसतात.

हा विषय आपल्या जिवतीपासून दूरचा आहे असे कोणाला वाटेल. पण विचार करून पाहा. आपल्या ओळखीच्या घरांतील मुली नर्सिंग शिकून चंद्रपूर, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणी ड्युटी करतात. आणि कॅन्सरच्या रुग्णाला 'आता घरी घेऊन जा' असे सांगितले जाते, तेव्हा पहाडावरचे त्याचे घर हेच हॉस्पिस होते. त्याची लेक किंवा सून ही तिथली नर्स होते. तिला पगार नसतो, सुट्टी नसते आणि तिची पाळी बदलायला दुसरे कोणी येत नाही.

१. हॉस्पिस म्हणजे काय?

ज्या आजारावर आता इलाज उरलेला नाही, अशा रुग्णाचे उरलेले दिवस वेदनेविना आणि सन्मानाने जावेत म्हणून केलेली व्यवस्था म्हणजे हॉस्पिस. आजच्या काळातील हॉस्पिसची सुरुवात सिसिली सॉन्डर्स यांनी केली. त्या आधी परिचारिका होत्या, पुढे इस्पितळातील समाजसेविका झाल्या आणि मग डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते, असे त्या शिकवीत. मनाची वेदना, घरच्यांच्या काळजीची वेदना आणि 'देवाने माझ्या बाबतीत असे का केले' ही आत्म्याची वेदना या साऱ्या एकत्र दुखतात. म्हणून उपचारही या सगळ्यांवर हवा.

आपल्या देशातील पहिले हॉस्पिस आपल्याच राज्यात उभे राहिले. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळ १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 'शांती अवेदना सदन' सुरू केले. पुढे गोवा आणि दिल्ली येथेही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र हेच काम करीत आले आहे. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला एक छोटी संस्था निघाली आणि तिच्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचे जाळे तयार झाले. केंद्र सरकारनेही २०१२ मध्ये या सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला.

तरीही गरज फार मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते आणि त्यांपैकी साधारण १४ टक्के लोकांनाच ती मिळते. थोड्या हातांवर मोठा भार आहे, हे या आकड्यांवरूनच कळते.

२. ताण येतो कुठून?

'रोज मरण पाहून त्यांची मने घट्ट होतात, त्यांना सवय होते,' असे आपण सहज बोलून जातो. हे खरे नाही. सवय होते ती हातांना. ड्रेसिंग करताना हात थरथरत नाहीत, एवढेच. मनावर येणारे ओझे निरनिराळ्या वाटांनी येते.

पहिली वाट दुःखाची. एखाद्या आजोबांना सिस्टर दोन महिने रोज अंघोळ घालते, भरवते, त्यांच्या नातवाची गोष्ट ऐकते. एका रात्री ते जातात. घरचे लोक रडतात, त्यांना भेटायला माणसे येतात. सिस्टर मात्र चादर बदलते, कागद लिहिते आणि संध्याकाळी त्याच खाटेवर नवा पेशंट येतो. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिले. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही, ते आतल्या आत साचत जाते.

दुसरी वाट मौनाची. मुलगा दारातच सिस्टरला गाठून सांगतो, 'आईला काही सांगू नका.' इकडे आई रात्री तिचा हात धरून विचारते, 'खरं सांग बाई, मी बरी होणार ना?' दोघांच्या मध्ये सिस्टर अडकते. खोटे बोलावे तर मन खाते, खरे बोलावे तर घरचे भांडायला उठतात.

तिसरी वाट हतबलतेची. काय करायला हवे ते ठाऊक असते, पण करता येत नाही. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या या कोंडीवर बोट ठेवले. आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण मॉर्फिनचे आहे. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि उपयोगी औषध आहे. पण अमली पदार्थांच्या कडक कायद्यामुळे अनेक वर्षे ते फार थोड्या ठिकाणी मिळे. २०१४ मध्ये कायदा सुधारला, तरी लहान गावांपर्यंत ते अजून सहज पोहोचत नाही. औषध आहे हे माहीत असून रुग्णाचे कण्हणे ऐकत बसणे, यासारखा ताण नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'वेदना देवाने दिली, ती औषधाने कमी करणे पाप आहे,' असे काही भाविकांना वाटते. ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की वेदना शमविण्यासाठी योग्य औषध देणे नैतिकदृष्ट्या मान्य आहे. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथही मरणासन्नांच्या या सेवेला निःस्वार्थ प्रीतीचे कार्य मानून तिला उत्तेजन देतो. मुद्दाम जीव घेणे वेगळे आणि वेदना शमविणे वेगळे, हा फरक आपण नीट ध्यानात ठेवावा.

चौथी वाट कामाच्या जागेची, आणि ती पुष्कळांना ठाऊकच नसते. कॅनडाच्या मेरी व्हॅशन यांनी मरणासन्नांची सेवा करणाऱ्यांच्या ताणाचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यांना असे दिसले की या लोकांचा ताण मरणाऱ्या रुग्णांमुळे जितका होता, त्याहून अधिक तो कामाच्या परिस्थितीमुळे होता. कमी माणसे, लागोपाठ नाईट ड्युट्या, वरिष्ठांचे तुटक बोलणे, आपसांतील विसंवाद, 'तू ठरवू नकोस, फक्त कर' ही वागणूक. चांगल्या चालणाऱ्या हॉस्पिसमधील परिचारिका इतर वॉर्डांतील परिचारिकांपेक्षा अधिक थकतातच असे नाही, हेही अशा अभ्यासांतून दिसले आहे. याचा अर्थ फार आशेचा आहे. मरण टाळणे आपल्या हाती नाही. पण ड्युटीचा तक्ता, बोलण्याची रीत आणि हाताखालच्यांना दिलेला मान हे माणसांच्या हाती आहे.

३. दिव्यातले तेल संपते तेव्हा

दहा कुमारिकांचा दाखला आपणा सर्वांना पाठ आहे (मत्तय २५). दिव्यात तेल असते तोवर तेल जळते. तेल संपले की वातच जळू लागते, काजळी धरते, धूर होतो. सेवा करणाऱ्याचेही तसेच आहे. या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या जागी साचत गेलेल्या ताणाचा परिणाम अशी त्याची नोंद केली आणि तीन खुणा सांगितल्या:

पहिली, झोप काढूनही न जाणारा थकवा.
दुसरी, कामाविषयी आलेला तुटकपणा आणि कडवटपणा.
तिसरी, 'माझ्या हातून काही होत नाही' अशी भावना.

दुसरी खूण आपल्याला चटकन ओळखता येत नाही. इझाबेल मेंझीस यांनी १९६० च्या सुमारास लंडनच्या एका इस्पितळातील परिचारिकांचा अभ्यास केला. तिथे रुग्णांना नावाने न ओळखता खाटेच्या नंबराने किंवा आजाराने ओळखत. आपल्याकडेही 'सात नंबरचा पेशंट', 'तो लिव्हरवाला' असे कानावर पडतेच. मेंझीस यांनी दाखवून दिले की हा केवळ उद्धटपणा नाही. नाव घेतले की माणूस दिसतो, आणि माणूस दिसला की दुखते. म्हणून मन अशी भिंत बांधते. पण त्या भिंतीआड रुग्णही एकटा पडतो आणि सिस्टरही. तेव्हा एखादी सिस्टर आपल्यावर खेकसली, तर लगेच 'हिला माणुसकी नाही' असे म्हणू नये. तिची ही कितवी नाईट आहे, तेही विचारावे.

घरी याच्या आणखी खुणा दिसतात. जेवण जात नाही, कारण नसताना रडू येते, मुलांवर हात उगारला जातो, मिस्सेला येऊनही मन कोरडे राहते, देवाशी बोलावेसेच वाटत नाही. हे श्रद्धा कमी झाल्याचे लक्षण मानून स्वतःला दोष देत बसू नये. पुष्कळ वेळा ते तेल संपल्याचे लक्षण असते.

४. केईएमच्या सिस्टरांकडून

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची हकीकत देशभर माहीत आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातील एका कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला. मेंदूला कायमची इजा झाली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोपर्यंत सुमारे ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्या सिस्टरांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या, आणि अरुणाताईंची ओळख झाली नव्हती अशा मुलींनीही त्यांना आपली मानले. त्यांचे जीवन संपू द्यावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा या परिचारिका त्याविरुद्ध ठामपणे उभ्या राहिल्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ती याचिका नाकारली आणि या सेवेचे मनापासून कौतुक केले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही अंगावर शय्याव्रण नव्हते, ही गोष्ट त्या वेळी सर्वांच्या लक्षात आली.

केईएम हे हॉस्पिस नव्हे. तरीही बरे होण्याची आशा नसताना सेवा कशी टिकते, हे शिकायला याहून चांगले उदाहरण आम्हांला दिसत नाही. यातून आम्ही तीन गोष्टी घेतो. एक, ते काम एका सिस्टरचे नव्हते, साऱ्या वॉर्डाचे होते. एकीचा हात दमला की दुसरीचा पुढे येई. दोन, रुग्ण खाटेचा नंबर नव्हता, तिला नाव होते, ती 'आपली अरुणा' होती. तीन, यश मोजण्याचे माप बदलले होते. 'बरी झाली का' हे माप धरले असते तर रोज हार पदरी आली असती. 'आज पाठ कोरडी राहिली का, पोटात अन्न गेले का' हे माप धरले, म्हणून रोज काही तरी साधले गेले.

५. पवित्र शास्त्र काय सांगते?

थकणे हे पाप नाही. एलिया संदेष्टा अरण्यात झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा जीव घे' असे देवाला म्हणाला (१ राजे १९). देवाने त्याला रागे भरले नाही, उपदेशही केला नाही. दूताने त्याला उठवून भाकर आणि पाणी दिले. तो जेवला, पुन्हा निजला, पुन्हा जेवला. देवाने त्याच्याशी बोलायला सुरुवात केली ती त्यानंतर. आधी झोप आणि भाकर, मग प्रवचन, हा क्रम आपण नीट पाहावा.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवीत बसे. त्याचा सासरा इथ्रो याने ते पाहून सांगितले की अशाने तूही झिजशील आणि लोकही (निर्गम १८). ओझे वाटून घे, हा त्याचा सल्ला मोशेने मानला. त्याच्या आधीच्या अध्यायात मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवले. देवाच्या माणसालाही आधाराला दोन माणसे लागली.

प्रभू येशूने आपल्या दमलेल्या प्रेषितांना एकांती येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६). त्या वेळी लोकांची ये-जा इतकी होती की त्यांना जेवायलाही फुरसत नव्हती. आपल्या सिस्टरांच्या ड्युटीचेच हे वर्णन वाटते. लाजराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला (योहान ११), आणि गेथशेमाने बागेत त्याने मित्रांना जवळ बसायला सांगितले. रडणे आणि सोबत मागणे या दोन्ही गोष्टी त्याने केल्या. मग परिचारिकेने त्या का लपवाव्यात?

परिचारिकांचे आश्रयदाते संत कमिल्लस (१५५० ते १६१४) यांच्या पायाला आयुष्यभर न भरणारी जखम होती. ती जखम सोसत त्यांनी रुग्णांची सेवा केली आणि त्यासाठी एक संघ उभारला. एकट्याने सारे ओढावे असे त्यांनी मानले नाही.

६. काय करता येते?

स्वतः सिस्टरांनी:
घरी निघताना एक छोटी खूण ठरवावी. हात धुताना आज गेलेल्या रुग्णाचे नाव मनात घ्यावे, त्याला देवाच्या स्वाधीन करावे आणि मग दार ओलांडावे. कामातील एखादी तरी मैत्रीण अशी असावी की जिच्याजवळ रडता येईल. झोप आणि जेवण चुकवू नये. प्रार्थना अवश्य करावी, पण ती सुट्टीच्या ऐवजी नव्हे. जिथे विश्रांतीची गरज आहे तिथे विश्रांतीच घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले राहिले, झोप उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते.

संस्था चालविणाऱ्यांनी:
मृत्यूनंतर लगेच खाट भरण्याची घाई न करता सर्वांनी मिळून एक मिनिट शांत उभे राहावे. अमेरिकेतील जोनाथन बार्टेल्स या परिचारकाने ही रीत सुरू केली आणि ती अनेक देशांत पसरली. तिला पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा गेलेल्या रुग्णांविषयी एकत्र बसून बोलावे. नाईट ड्युट्या वाटून द्याव्यात. रुग्णाला आणि घरच्यांना खरे कसे सांगावे याचे शिक्षण द्यावे, आणि ते सांगण्याचे ओझे सर्वांत धाकट्या सिस्टरवर टाकू नये.

धर्मग्रामातील आपण सर्वांनी:
कुरेनेकर शिमोनाने प्रभूचा क्रूस थोडे अंतर वाहिला. सारा क्रूस त्याने वाहिला नाही, पण तेवढ्याने प्रभूला पुढचे पाऊल टाकता आले. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे.

आपल्या पहाडावर गुडे लांब लांब आहेत. पावसाळ्यात नाले भरले की वाट तुटते. नर्सबाई किंवा आशाताई एकटीच किती घरे फिरणार? म्हणून ज्या घरी अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, तिथे आठवड्यातून एकदा दोन तास बसण्याची पाळी शेजारच्या दोन-तीन कुटुंबांनी लावून घ्यावी. तेवढ्या वेळात त्या घरच्या सुनेला झोपता येईल, डोके धुता येईल, बाजारात जाऊन येता येईल. जाताना डबा न्यावा, सल्ला नेऊ नये. 'देवाची इच्छा' किंवा 'तू खंबीर राहा' असे म्हणण्यापेक्षा 'आज कपडे मी धुते' हे म्हणणे बरे. मिस्सामधील विनंत्यांत रुग्णाबरोबर त्याची सेवा करणाऱ्यांनाही आठवावे.

सुट्टीवर घरी आलेल्या नर्स मुलीला आपण सहसा तीन गोष्टी विचारतो: पगार किती, लग्न कधी आणि 'माझी ही गोळी बघ जरा'. यापुढे आधी तिला विचारू या, 'तू कशी आहेस?' आणि ती उत्तर देईपर्यंत थांबू या.

रुग्णाच्या शेवटच्या रात्री उशाशी बसणारी व्यक्ती आपल्या सर्वांच्या वतीने तिथे बसलेली असते. उद्या त्या अंथरुणावर आपण असू. त्या दिवशी आपल्याजवळ येणारा हात मायेचा असावा असे वाटत असेल, तर तो हात आजच सांभाळला पाहिजे.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण आहे? त्याची सेवा कोण करते, आणि तिला शेवटची सुट्टी कधी मिळाली?
२. घरच्या रुग्णाला त्याच्या आजाराविषयी खरे सांगणे आपण टाळतो का? त्याचे ओझे कोणावर पडते?
३. एलियाच्या कथेत (१ राजे १९) देवाने आधी काय दिले आणि नंतर काय? आपण थकलेल्या माणसाशी कसे वागतो?
४. या आठवड्यात आपले कुटुंब कोणासाठी दोन तास देऊ शकेल? ते कोणते, हे आजच जेवताना ठरवावे.